उंबरठा निम्म्यावर आला तर सेलला दोष देऊ नका

लिक्विड क्रिस्टलवर नव्याने काम सुरू करत असाल तर माझे सहा आठवडे कुठे वाया गेले ते आधी वाचा.

५सीबी हे लिक्विड क्रिस्टल भरलेला सेल (दोन काचांमधली पातळ फट), काटकोनात दोन पोलरायझर, मध्ये ४५ अंशांत सेल. व्होल्टेज वाढवत नेलं की ०.८ व्होल्ट आरएमएसच्या (एसी व्होल्टेजच्या परिणामी मूल्याच्या) आसपास रेणू वळू लागतात, हा फ्रेडरिक्झ उंबरठा. माझे ०.४ लाच वळत होते.

मी स्पेसर (काचांमधलं अंतर राखणारे कण) बदलले, १० मायक्रॉनऐवजी ५ चा सेल केला, रेणूंना दिशा देणारा काचेवरचा पॉलिइमाइडचा थर पुन्हा घासला, नवं रसायन भरलं. उंबरठा जागचा हलेना. तेव्हाच उमजायला हवं होतं, कारण त्याच्या सूत्रात जाडी नाहीच. जाड सेलमधले रेणू कमी विद्युत क्षेत्रात वळतात, पण तेवढ्याच व्होल्टेजला तिथलं क्षेत्रही त्याच प्रमाणात कमी असतं.

चूक फंक्शन जनरेटरच्या, म्हणजे सेलला एसी व्होल्टेज देणाऱ्या यंत्राच्या, सेटिंगमध्ये होती. पुढे ५० ओहमचा लोड आहे असं धरून तो आकडा दाखवतो. त्याच्या आतही ५० ओहम असतात, म्हणून तो आत दुप्पट व्होल्टेज तयार करतो. आपल्या सेलचा रोध १ किलोहर्ट्झला लाख ओहमच्या घरात, त्यामुळे ते सगळं व्होल्टेज सेलवर पडतं: आकडा ०.४, सेलवर ०.८. सेटिंग ‘हाय-झेड’ (पुढे मोठा रोध आहे असं धरणारं) करा, आणि तरी ऑसिलोस्कोपचा प्रोब थेट सेलच्या तारांवर लावा. याहून वाईट म्हणजे चौकोनी तरंगाचं पीक-टू-पीक (तळापासून माथ्यापर्यंतचं व्होल्टेज) हेच आरएमएस समजलात, तर दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि उत्तर बरोबर येतं! साइन तरंग लावला की सगळं कोसळतं.

‘परत मोज’ एवढंच सांगणारा गाईड मला गाईड वाटत नाही. शेजारी बसून तार कुठून कुठे जाते ते बघणारा सीनियर शोधा. तयार सेल विकत घ्यायला लाजू नका. फिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र पहिल्या महिन्यात उघडूच नका, आलेख हाताने काढा.

डीसी अजिबात नको, आयन साचून क्षेत्र झाकतात आणि पदार्थही खराब होतो.

व्होल्टेज वाढवताना प्रकाश कमी-जास्त होत राहिला तर घाबरू नका. १० मायक्रॉन जाडी, ०.१८ द्विअपवर्तन (दोन दिशांच्या अपवर्तनांकांतला फरक) आणि ६३३ नॅनोमीटरचा लेझर म्हणजे प्रकाशाच्या त्या दोन घटकांत जवळपास २.८ तरंगांचा फरक. व्होल्टेजबरोबर तो शून्याकडे उतरतो, म्हणून उजेड-अंधार आलटून पालटून येणारच. शेवटच्या अंधारापासून मागे मोजत या. पहिल्या शिखरापासून मोजलंत तर एखादा पूर्ण तरंग निसटतो.