ब्रेक्झिटसारख्या घटस्फोटात माल अडकतो कुठे? निर्यातदारांनो, या चुका टाळा

महापे, रबाळे, तुर्भे या पट्ट्यातून न्हावाशेवामार्गे ब्रिटनला माल पाठवणाऱ्यांची तक्रार ठरलेली: "तिकडचं सरकार रोज नियम बदलतं." रोज नाही बदलत. एखादा देश मोठ्या व्यापारी गटातून बाहेर पडतो तेव्हा त्याचं सरकार दोन कामं एकदम करत असतं. एक म्हणजे खरी तयारी, आणि दुसरं, तयारी झाल्याचं सांगत राहणं. आपण दुसऱ्यालाच पहिलं समजतो आणि तिथे फसतो.

सगळ्या तारखा एकाच मापाने मोजणं

२३ जून २०१६ च्या जनमत चाचणीत ५१.९ टक्के ब्रिटिश मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला, हेच ब्रेक्झिट. तसा कौल आला तर काय करायचं, याचा आराखडा तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरन यांच्या सरकारने आधी करूच दिला नव्हता. संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने पुढच्याच महिन्यात त्याला घोर निष्काळजीपणा म्हटलं. सुरुवातच अशी, मग तारखा टिकणार कशा? संघाच्या करारातल्या कलम ५० खालची, बाहेर पडत असल्याची नोटीस २९ मार्च २०१७ ला गेली, म्हणून २९ मार्च २०१९ ही बाहेर पडायची तारीख ठरली. ती आधी १२ एप्रिल झाली, मग ३१ ऑक्टोबर, आणि प्रत्यक्षात ब्रिटन बाहेर पडला ३१ जानेवारी २०२० ला. घोडबंदर रोडवर राहून मेट्रोची वाट पाहिलेल्या ठाणेकराला अशी तारीख कशी वाचायची हे शिकवावं लागत नाही.

पण यातूनच उलटी चूक झाली. एवढ्या तारखा हलल्या, तर संक्रमणकाळाची, म्हणजे बाहेर पडूनही जुनेच नियम चालू असलेल्या काळाची, ३१ डिसेंबर २०२० ही तारीखही हलेल असं धरून बरेच जण हातावर हात ठेवून बसले. ती हलली नाही. तिची मुदतवाढ १ जुलै २०२० पूर्वी दोन्ही बाजूंनी मिळून ठरवायची होती, आणि ब्रिटनने तर कायदा करून आपल्याच मंत्र्यांना तशी संमती द्यायला मनाई केली होती. जुलै उजाडला तेव्हा दार बंद झालं होतं. व्यापार करार झाला २४ डिसेंबरला आणि लागू झाला १ जानेवारीला, म्हणजे मध्ये जेमतेम आठवडा, तोही नाताळचा.

म्हणून तारीख वाचताना ती कोण हलवू शकतं ते आधी शोधा. सरकार एकट्याने हलवू शकत असेल तर ती बहुधा हलतेच. उत्पादन नियमांत बसतं हे दाखवणाऱ्या ब्रिटनच्या यूकेसीए चिन्हाचंच बघा. युरोपचं सीई चिन्ह आता चालणार नाही असं सांगून आधी १ जानेवारी २०२२, मग १ जानेवारी २०२३, मग २०२४ ची अखेर अशा मुदती दिल्या, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये बहुतेक वस्तूंना सीई बेमुदत चालेल असं जाहीर केलं. (वैद्यकीय उपकरणं आणि बांधकाम साहित्य यांचे नियम वेगळे, ते स्वतंत्र तपासा.) पहिल्याच घोषणेवर ज्यांनी लेबलांचे साचे बदलले त्यांचा खर्च अंगावर पडला. युरोपातून येणाऱ्या खाद्यपदार्थांची तपासणीही अशीच वारंवार पुढे गेली. प्रमाणपत्रं ३१ जानेवारी २०२४ पासून लागली आणि प्रत्यक्ष तपासणी ३० एप्रिलपासून. युरोपीय संघाने मात्र आपल्या बाजूची तपासणी १ जानेवारी २०२१ पासूनच पूर्ण लागू केली. सीमा एकच, पण एका बाजूला सवलत आणि दुसऱ्या बाजूला काटेकोर कारभार. हा फरक ज्याने पाहिला नाही, त्याचा माल ब्रिटनच्या डोव्हरला नाही, तर फ्रान्सच्या कॅलेला अडकला.

जाहिरात वाचणं, तयारी न वाचणं

कराराविना बाहेर पडावं लागलं तर काय, यासाठी ब्रिटनने 'ऑपरेशन यलोहॅमर' आखलं. सप्टेंबर २०१९ मध्ये त्यातली गृहीतकं बाहेर आली. इंग्लिश खाडी ओलांडणारे ५० ते ८५ टक्के मालाचे ट्रक फ्रेंच कस्टम्ससाठी तयार नसतील, आणि वाहतूक नेहमीच्या ४० ते ६० टक्क्यांवर येऊ शकेल, असं सरकारचंच गृहीतक होतं. इकडे 'तयार व्हा' अशी जाहिरात मोहीम चालू होती. तिच्यावर ४.६ कोटी पौंड गेले. जाहिरातीपेक्षा हे गृहीतकांचं बाड वाचणारा निर्यातदार शहाणा.

जानेवारी २०१९ मध्ये वाहतूक कोंडीची रंगीत तालीम झाली. डोव्हरला दिवसाला दहा हजारांच्या घरात ट्रक जातात, तालमीला आले ८९. त्याच सुमारास जादा फेरीबोटींसाठी एका कंपनीला १.३८ कोटी पौंडांचं कंत्राट मिळालं होतं, आणि तिच्याकडे एकही जहाज नव्हतं. ते रद्द झालं. वर, कंत्राटं वाटण्याच्या पद्धतीवरून खाडीखालचा बोगदा चालवणाऱ्या युरोटनेलने दावा लावला आणि तो ३.३ कोटी पौंड देऊन मिटवावा लागला. हसू येतं खरं, पण धडा आपल्या कामाचा आहे. कस्टम्सचे किती लोक भरती झाले, संगणक प्रणाली सुरू झाली का, बंदराजवळ तपासणी केंद्र उभं राहिलं का, हे बघा. आपल्या बाजूला न्हावाशेवाच्या जेएनपीए बंदराचं एखादं टर्मिनल 'लवकरच' सुरू होणार म्हटल्यावर फॉरवर्डर गेटवर जाऊन बघून येतो ना?

ब्रिटनमधल्या गोदामातून युरोपला माल देत राहणं

सगळ्यात जास्त पैसा इथे जातो, आणि नेमकं हेच लोकांना शेवटी कळतं. पूर्वी लेस्टरच्या गोदामात एकदा ड्यूटी भरली की तोच माल डब्लिन किंवा हॅम्बुर्गला मोकळा जाई. आता तसं नाही. ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यातली शून्य ड्यूटी फक्त त्यांच्याकडे बनलेल्या मालाला आहे. रबाळ्यात बनलेला व्हॉल्व्ह लेस्टरला महिनाभर पडून राहिला म्हणून ब्रिटिश होत नाही, त्यामुळे युरोपात शिरताना पुन्हा ड्यूटी लागू शकते. रॉटरडॅमहून ब्रिटनला माल वळवणाऱ्यांचंही तेच. उपाय असा की दोन्ही बाजारांचा माल इथूनच वेगळ्या कन्साइनमेंटमध्ये पाठवा, किंवा ड्यूटी न भरता बॉन्डेड वेअरहाऊसमध्ये ठेवून ट्रान्झिटवर पुढे न्या. डीडीपी तत्त्वावर, म्हणजे ड्यूटी भरून माल पोचवायच्या बोलीवर विकत असाल तर दर ठरवण्याआधी आयातदार म्हणून कागदावर नाव कोणाचं लागणार ते विचारा. तुमचंच लागलं तर तिकडचा व्हॅटही तुमच्याच गळ्यात.

टीटीसी या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या रसायन कारखान्यांना यात आणखी एक फेरा आहे. रसायनांच्या नोंदणीच्या युरोपच्या रीच नियमाखाली ज्यांचा 'ओन्ली रिप्रेझेंटेटिव्ह', म्हणजे परदेशी उत्पादकाच्या वतीने नोंदणी सांभाळणारा प्रतिनिधी, ब्रिटनमध्ये होता, त्यांची युरोपातली नोंदणी तो प्रतिनिधी युरोपात हलवल्याशिवाय टिकणार नव्हती. ब्रिटनसाठी यूके रीच वेगळं आहे.

उत्तर आयर्लंड विसरू नका. पोस्टकोड 'बीटी'ने सुरू होत असेल तर पत्ता ब्रिटनचा, पण मालाचे बरेचसे नियम युरोपचे. नुसतं यूकेसीए तिथे चालत नाही.

ऐरोलीत बसून ब्रिटिश आणि युरोपीय ग्राहकांचा डेटा हाताळणाऱ्यांनी एवढंच करावं: करारात डेटा बाहेरच्या देशात पाठवण्यासाठीची युरोपची प्रमाणित कलमं आहेत म्हणून निर्धास्त राहू नये. ब्रिटनसाठी २१ मार्च २०२२ पासून वेगळा करार किंवा जोडपत्र लागू झालं आहे.

माल अडकलाच तर

ब्रिटनच्या फेलिक्सटो बंदरातून मेल आला की आपण आधी सीएचएवर, म्हणजे आपल्या कस्टम्स एजंटवर ओरडतो. त्याआधी आयातदाराचा ईओआरआय, म्हणजे कस्टम्सकडचा नोंदणी क्रमांक बघा. ग्रेट ब्रिटनसाठी 'जीबी'ने सुरू होणारा लागतो, युरोपचा तिथे चालत नाही. मग एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा आकडा. पहिले सहा आकडे जगभर सारखेच, पण पुढचे आकडे आणि ड्यूटीचे दर ब्रिटन आणि युरोपचे आता वेगळे असू शकतात, आणि आपल्या इन्व्हॉइसवर बहुधा जुन्या पार्टीचा कोड तसाच चिकटवलेला असतो. तिसरं, सवलतीच्या ड्यूटीसाठी दिलेला ओरिजिनचा कागद युरोपच्या नमुन्यात आहे की ब्रिटनच्या. ही तपासणी संपेपर्यंत डेमरेजचं, म्हणजे माल बंदरात पडून राहिल्याच्या आकाराचं मीटर चालूच असतं, म्हणून दुरुस्त कागद कुरिअरने नको, त्याच दिवशी मेलवर पाठवा.