पेरणीपूर्व साफसफाई: केबल, फोम आणि थर्मोकोल ढिगातून आधी बाजूला काढा

पेरणीआधी रान साफ करताना बांधाच्या कोपऱ्यात एक ढीग हमखास जमतो. धसकटं, पालापाचोळा, फाटका मल्चिंग पेपर, मोटारीची जुनी केबल, स्टार्टरची फुटकी पेटी, ट्रॅक्टरच्या सीटचा फोम, थर्मोकोलचे तुकडे. मग सगळ्याला मिळून एकच काडी. धसकटं कुजवा, एवढंच सांगतो; तो वेगळा विषय आहे. मल्चिंग पेपर आणि ठिबकच्या नळ्याही जाळू नयेतच, पण आजचं बोलणं शेवटच्या चार वस्तूंबद्दल.

या वस्तूंनी ठिणगीने पेट घेऊ नये म्हणून त्यांत बऱ्याचदा आगरोधक रसायनं घातलेली असतात, त्यातली कितीतरी ब्रोमीनयुक्त. त्यातलंच एक डेकाबीडीई, टीव्ही-संगणकांच्या पेट्यांत वापरलं जायचं. लवकर न विघटणारी विषारी रसायनं हद्दपार करण्यासाठी देशांनी केलेल्या स्टॉकहोम कराराच्या यादीत ते २०१७ मध्ये आलं, त्यामुळे जुना माल अधिक संशयाचा. पेटत्या ढिगात हे प्लास्टिक जळतंच, पण अर्धवट, धुमसत. त्या धुमसण्यातच डायॉक्सिन आणि फ्युरान ही अत्यंत विषारी रसायनं तयार होतात. युरोपातल्या नियमानुसार कचरा जाळणाऱ्या भट्टीत धूर किमान ८५० अंश सेल्सिअसला २ सेकंद ठेवावा लागतो. बांधावरच्या आगीला ते जमत नाही, वरून कितीही रॉकेल ओता.

तांब्यासाठी केबल जाळणं तर सगळ्यात वाईट. वरचं पीव्हीसी क्लोरीन पुरवतं आणि आतलं तांबं डायॉक्सिन बनण्याला जोर देतं. केबल तासभर कडक उन्हात ठेवा, आवरण मऊ पडतं. मग धारदार चाकूने उभा चीर देऊन सोला. तांबंही स्वच्छ निघतं.

धूर दिसतो म्हणून त्याची भीती वाटते. राखेची वाटत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. आग विझल्यावर दुसऱ्या दिवशी त्या काळ्या जागेकडे नीट पाहा: कोंबड्या आधी तिथेच पोचतात, राख उकरतात, अंगावर घेतात, दाण्याबरोबर माती गिळतात. राखेतलं डायॉक्सिन चरबीत साठतं, म्हणून ते अंड्याच्या बलकात आणि दुधाच्या सायीत उतरतं. घानामधल्या आगबोगब्लोशी इथे केबल आणि इलेक्ट्रॉनिक भंगार जाळलं जायचं. तिथल्या मोकाट कोंबडीचं अंडं तपासलं तेव्हा, २०१९ च्या अहवालानुसार, एकाच अंड्यात मोठ्या माणसाच्या दिवसाच्या सहनमर्यादेच्या २२० पट डायॉक्सिन निघालं. माणसाच्या शरीरात शिरलेलं डायॉक्सिन निम्मं व्हायलाच ७ ते ११ वर्षं लागतात.

ढीग आधीच पेटवून झाला असेल तर राख कोरडी झाडू नका. पाणी शिंपडून ओली करा, पण वाहून जाईल इतकं नको. हातमोजे आणि मास्क घालून राख आणि खालची चार बोटं माती दुहेरी पोत्यात भरा, तोंड बांधा आणि घातक कचरा घेणाऱ्या यंत्रणेकडे द्या. उकिरड्यात, शेणखतात किंवा ओढ्यात ती टाकायची नाही. माव्यासाठी भाजीवर राख धुरळायची सवय असेल तर त्या राखेत प्लास्टिक जळलेलं नाही याची खात्री करा. खात्री नसेल तर ती वापरू नका.

वाऱ्याच्या दिशेला उघडी वैरण असेल तर वरचा थर काढून टाका, गुरांना घालू नका. जळालेल्या जागेला कोंबड्या शिरणार नाहीत असं कुंपण घाला.

त्या तुकड्यात पालेभाजी आणि कंदमुळं घेऊ नका, कारण मातीच त्यांना चिकटून येते. झुकिनी आणि तिच्या जातकुळीतले भोपळे तर अजिबात नकोत. बहुतेक पिकं मुळांतून डायॉक्सिन फारसं ओढत नाहीत, ही ओढतात.