मॉरिशसला गेलेला पूर्वज शोधताना आधी नंबर शोधा

1834 ते 1910 या काळात साधारण साडेचार लाख करारबद्ध मजूर हिंदुस्थानातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेले. बहुतेक जण कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून गेले. मुंबईहून गेलेले त्या मानाने थोडे. त्यांत कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसं होती. पोर्ट लुईच्या धक्क्यावर, म्हणजे आजच्या आप्रवासी घाटावर, उतरलेल्या माणसाला नंबर मिळे आणि तो मरेपर्यंत त्याला चिकटून राही. मळ्याचा करार, पास, लग्न, मुलांचे जन्म, कोर्टातली तक्रार, सगळीकडे तोच नंबर. नावावरून शोधायला गेलात तर रामजी ढिगाने भेटतील, त्यांतला आपला कोणता ते कळणार नाही.

नंबर मिळवायचा तर जिवंत माणसापासून एकेक पिढी मागे जायचं. मॉरिशसच्या सिव्हिल स्टेटस ऑफिसातून जन्म, लग्न आणि मृत्यू असे तिन्ही दाखले काढा. नुसता उतारा घेऊ नका, मूळ नोंदीची पूर्ण प्रत मागा. उताऱ्यात नाव आणि तारीख एवढंच येतं. पूर्ण नोंदीत आईबापांच्या नावांपुढे बहुधा त्यांचे नंबर असतात, शिवाय मळ्याचं नाव आणि साक्षीदारही. मुलाच्या जन्मनोंदीत बापाचा नंबर नसेल तर पाठच्या भावंडांच्या नोंदी काढा, एकीत तरी सापडतो.

इथे दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. पहिला आडनावाचा. आलेल्या माणसाचं पाळण्यातलं नावच पुढे घराण्याचं आडनाव झालं, आणि कधी एका भावाकडे आजोबाचं नाव टिकलं तर दुसऱ्याकडे बापाचं. म्हणजे सख्ख्या चुलतभावांची आडनावं वेगळी असू शकतात. त्यात कारकुनाने कानाला येईल तसं इंग्रजी-फ्रेंच वळणाने लिहिलेलं: येसूचा एसू, विठूचा इटू, शेवटच्या ‘ऊ’ला दोन ओ. दुसरा घोळ लग्नाचा. धार्मिक पद्धतीने लागलेलं लग्न कायद्याने धरलं जात नसे, म्हणून कित्येक मुलं अनौरस म्हणून आणि आईच्याच नावावर नोंदली गेली. बापाचा रकाना रिकामा दिसला तर वंश तुटला असं समजू नका, आईचा नंबर घेऊन पुढे चला.

नंबर हाती आला की मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत अर्ज करायचा. आप्रवाशांची मूळ रजिस्टरं तिथल्या अभिलेखागारात आहेत. अर्जासोबत स्वतःपासून त्या पूर्वजापर्यंतच्या दाखल्यांची सलग साखळी जोडा. मधली एक कडी गळली की काम अडतं. (2024 च्या मार्चमध्ये भारताने मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठी ओसीआय कार्डाची (परदेशस्थ भारतीयांना मिळणाऱ्या ओळखपत्राची) सवलत सातव्या पिढीपर्यंत वाढवत असल्याचं जाहीर केलं. त्यासाठीही हीच साखळी उपयोगी पडते, म्हणून प्रती जास्तीच्याच काढून ठेवा.) रजिस्टरात साधारणपणे नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरच्या खुणा, जात, जिल्हा, परगणा, गाव, जहाज, उतरल्याची तारीख आणि पहिला मालक मिळतो. वय अंदाजाने लिहिलेलं असतं, पाच वर्षं इकडेतिकडे धरा. देवीचे व्रण, गोंदण अशा खुणांचा उपयोग एका नावाची दोन माणसं वेगळी करायला होतो. 1867 च्या कायद्याने जुन्या, म्हणजे पहिला करार संपलेल्या, मजुरांना फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागे. पूर्वज तेव्हा हयात असेल तर फोटोबद्दल मुद्दाम विचारा. शेऱ्याचा रकाना सोडू नका: मृत्यू किंवा परतीचं जहाज तिथेच लिहिलेलं असतं.

घरातली आठवण तारखेशी ताडून पाहा. 1839 ते 1842 या काळात मजूर नेण्यावर बंदी होती, त्यामुळे ‘आमचे खापरपणजोबा 1840 ला आले’ असं कुणी सांगत असेल तर साल सरकलेलं आहे.

गावाचा रकाना हा सगळ्यांत अवघड भाग. शब्द मोठ्याने, मराठी कानाने वाचा आणि जिल्हा-तालुका त्या काळचा धरा. रत्नागिरी जिल्ह्यात तेव्हा सुवर्णदुर्ग, अंजनवेल, विजयदुर्ग, मालवण असे तालुके होते. ‘अंजनवेल’ लिहिलं असेल तर खाडीकाठच्या त्या एका गावात शोधत बसू नका, गुहागर-चिपळूणचा सगळा टापू डोळ्यांसमोर ठेवा. ‘सुवर्णदुर्ग’ म्हणजे दापोली-खेडची बाजू. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 चा, जुन्या कागदात तो नसणारच. जातीच्या रकान्यातला ‘मराठा’ पुष्कळदा नुसता ‘मराठी मुलखातला’ एवढ्याच अर्थाने येतो, त्यावरून सोयरीक जुळवू नये. मुंबईहून चढला म्हणून मराठीच, असंही नाही.

गाव लागत नसेल तर आपल्या नंबराच्या मागचे-पुढचे वीसेक नंबर पाहा. मळ्यावरून परत आलेले सरदार, म्हणजे मजुरांवरचे मुकादम, आपल्याच पंचक्रोशीतून माणसं गोळा करून नेत. शेजारच्या नोंदीत त्याच गावाचं नाव जास्त नीट लिहिलेलं सापडतं, कधी सख्खा भाऊही. हा उपाय फार थोडे लोक करतात, आणि सगळ्यांत जास्त फळतो तोच.

मॉरिशसमधलं आयुष्य जुळवताना मळ्याच्या नावावरून जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटकडचे खटले पाहा. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापायची पद्धत होती, तक्रारी त्यावरूनच उठत. 1866 ते 1868 मधला मृत्यू असेल तर त्या सालांतली मलेरियाची साथ लक्षात घ्या. 1870 नंतर मळेवाल्यांनी जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. त्या खरेद्या नोटरींच्या फ्रेंच दस्तांत आहेत आणि दस्त मॉरिशसच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. जमीन ‘अर्पां’मध्ये मोजलेली असते: एक अर्पां म्हणजे सुमारे 4,221 चौरस मीटर, आपले पावणेबेचाळीस गुंठे. दस्तात नाव आणि नंबर दोन्ही असतील तर माणूस तोच, नाहीतर थांबा.

महाराष्ट्रातल्या बाजूला अपेक्षा बेताची ठेवा. गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, बहुतेक गावी तुमचा माणूस गेल्यानंतरच्या मिळतात. उपयोग झाला तर मागे राहिलेल्या भावाचा वंश शोधायला. खोतीच्या गावात, म्हणजे जिथे सारा खोत वसूल करी तिथे, कुळाच्या नावावर सात-बारा शोधून काही निघत नाही, खोताकडचे जुने कागद पाहावे लागतात आणि ते मोडीत असतात. मोडी वाचणारा बरोबर घ्या. मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. तिथे मजूर पाठवण्यासंबंधीचा सरकारी पत्रव्यवहार सापडतो, पण एका मजुराचं नाव त्यात सापडेल या आशेने जाऊ नका. जायचंच तर जहाजाचं नाव आणि साल हाताशी ठेवून जा.