जर्मनीला निघण्याआधी कोल्हापुरातच करायचा हिशेब

विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. पण हातात येतात महिन्याला ९९२, तेही तिथं पोचून खातं चालू झाल्यावर. घराचं डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ (हीटिंग वगैरे खर्च सोडून) भाड्याइतकं असू शकतं. म्हणून शिक्षणकर्ज मागतानाच डिपॉझिटची रक्कम वेगळी धरा, नाहीतर पहिल्याच महिन्यात राजारामपुरीत बाबांचा फोन वाजायला लागतो.

घर बघताना भाड्याआधी एकच विचारा: पत्त्याच्या नोंदणीसाठी घरमालक लेखी पत्र देणार का? नोंदणी राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते आणि तिच्यानंतरच टॅक्स नंबर पोस्टानं येतो. तो नसेल तर पगारातून सगळ्यात चढा कर कापू शकतात. पत्र न देणारी स्वस्त खोली शेवटी महागच पडते.

कामाची मर्यादा वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस. विद्यापीठातलं सहायकाचं काम यात धरत नाहीत, त्यामुळे आधी तिथंच अर्ज टाका. 'स्वतःचा धंदा' दाखवून डिलिव्हरी करायला सांगणाऱ्यापासून लांब राहा. विशेष परवानगीशिवाय ते चालत नाही. कामाचे दिवस वहीत लिहून ठेवा. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, पण बी१ (मध्यम पातळीचं) जर्मन नसेल तर ते भुर्रकन जातात. भाषा इथंच सुरू करा.

बॅगेत कांदा-लसूण चटणी चालेल. तूप आणि पेढे मात्र नकोत, युरोपात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत.