पाखरं गेली कधी, हे कसं टिपायचं

थंडीतली बदकं आली की कळतं. दिवाळीच्या सुमारास एके सकाळी तलावावर एकदम गजबज असते. जाताना मात्र कसलाच गाजावाजा नसतो. चार वर्षांपूर्वी भाचीनं विचारलं, "मावशी, तलवार बदकं यंदा कधी गेली गं?" मी वही उघडली. त्यात जे दिसलं तेवढंच लिहिलेलं होतं. मार्चच्या मध्यानंतर तलवार बदकाचं नाव नव्हतं. पण ती गेली होती, की मीच त्या काठाला फिरकले नव्हते, हे काही वहीवरून कळेना. फार रुखरुख लागली. तेव्हापासून मी ज्या पद्धतीनं बघते ती इथे सांगते.

एकच जागा धरा. माझी जागा इंदूरचा सिरपूर तलाव. लोकमान्य नगरातून रिक्षानं थोड्या वेळात पोचता येतं. धार रोडवरचा हा होळकरांच्या काळातला तलाव, पाण्याला लागून झाडी, मग दलदल. २०२२ साली सिरपूर आणि यशवंत सागर ही आमची दोन्ही पाणथळं रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत, आली. यशवंत सागरला सारस बघायला जरूर जा, पण नोंदींसाठी घराजवळचंच पाणी बरं, कारण तिथे दर आठवड्याला जाणं होतं. तोच वार, तीच वाट, तेवढाच वेळ. एकदा तासभर आणि एकदा तीन तास फिरलात, तर त्या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत, आणि कुणी रेंगाळलं असेल तर त्यापुढेही, फेऱ्या चालू ठेवा. सण तिथीनं मागेपुढे होतात, म्हणून वहीत तारीखच घाला. रंगपंचमीलाही मी चुकवत नाही. सारं शहर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्याकडे लोटतं आणि तलावाची सकाळ आपल्याला मिळते.

मार्चच्या मध्यात इंदूरला साडेसहानंतर सूर्य उगवतो. सव्वासहाला काठावर असावं. आधी पाणी, मग झाडं. सकाळी पूर्वेच्या काठावर उभं राहिलं की ऊन पाठीशी येतं आणि बदकांचे रंग खरे दिसतात. समोरून ऊन आलं तर सगळीच काळी. ८×४२ची दुर्बीण पुरते: आठपट मोठं दिसतं, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं, आणि हातही फार थरथरत नाही. दुर्बिणीतून पक्षी शोधत बसू नका. नजर पक्ष्यावरच ठेवून दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. भाचीला हे जमायला तीन फेऱ्या लागल्या.

बदकं ओळखायला शिकायचं असेल तर हेच दिवस. शरद ऋतूत येतात तेव्हा बरेच नर माद्यांसारखेच मातकट असतात, आणि नवशिका माणूस तिथेच कंटाळतो. मार्चपर्यंत त्यांचा पोशाख पुरा झालेला असतो. भुवई बदकाच्या नराची पांढरी भुवई डोळ्यावरून मानेपर्यंत गेलेली दिसते. थापट्याची चोच फावड्यासारखी, डोकं गडद हिरवं, कुशी विटकरी. तलवार बदकाच्या चॉकलेटी मानेवर पांढरी रेघ वर चढते आणि शेपटी सुईसारखी. भुवई बदकं तर मार्चमध्ये कधी कधी वाढतात, कारण दक्षिणेकडून परतणारे थवे वाटेत उतरतात. आकडा वाढला म्हणून 'अजून कुणी गेलेलं नाही' असं समजू नका. कालचे गेलेले आणि आजचे आलेले वेगळे असू शकतात.

आठनंतर ऊन झाडांवर येतं, किडे हलू लागतात, तेव्हा एखाद्या बाभळीखाली वीस मिनिटं बसून राहायचं. चालत राहिलात तर वटवट्या हा इवलासा पक्षी दिसत नाही. हिरवट वटवट्या शेंड्यात असतो आणि सतत बोलतो. वेळू वटवट्या खाली झुडपात 'चक् चक्' करतो, आणि जायच्या आधी कधी कधी चक्क गायला लागतो. दलदलीच्या कडेला शंकर पक्षी बघा, नराच्या गळ्यावर निळा आणि तांबूस रंग भरलेला असतो. पिवळ्या डोक्याच्या धोबी पक्ष्याचं डोकंही आता हळदीसारखं होतं. पळस आणि सावर फुलले की भोरड्यांचे थवे मधासाठी येतात. गुलाबी अंग, काळं डोकं. एप्रिलमध्ये त्या मध्य आशियाच्या वाटेला लागतात.

एक गोष्ट मात्र मनापासून विनवून सांगते. या दिवसांत बदकं पोटभर खात असतात, अंगावर साठलेल्या चरबीवरच त्यांचा पुढचा प्रवास होतो. फोटोसाठी थवा उडवला की त्यांचं खाणं मोडतं आणि जमवलेली ताकद फुकट जाते. बदकांनी माना ताठ केल्या की तिथेच थांबा, आणखी एक पाऊलही नको. पक्ष्यांना बोलावण्यासाठी मोबाइलवर आवाज वाजवू नका.

आता वही. डावीकडे तुमच्या तलावावरच्या पंधरा-वीस पाहुण्यांची नावं, वर तारखा. दिसला तर आकडा. नीट शोधूनही दिसला नाही तर शून्य. त्या बाजूला गेलाच नाहीत तर आडवी रेघ. शून्य आणि रेघ यांतला फरक पाळला नाही, तर तुमच्या वहीचीही माझ्या जुन्या वहीसारखी गत होईल. ईबर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकत असाल तर ओळखलेले सगळे पक्षी लिहा आणि ती पूर्ण यादी असल्याचं सांगा. एखाद्या पक्ष्याचं नसणं तेव्हाच मोजता येतं.

एखाद्या नावापुढे लागोपाठ तीन शून्यं आली की मागे जाऊन शेवटच्या आकड्याभोवती लाल गोल काढायचा. पहिला गोल बहुधा तलवार बदकाचा असतो, थापट्या त्यानंतर बरेच दिवस रेंगाळतो. गेल्या वर्षी सगळ्यात शेवटचा गोल वेळू वटवट्याचा होता, मे लागल्यावरचा. तो भाचीनं काढला.