मनाशी रोज बरे बोलण्याची सवय कशी लावावी

स्वतःशी चांगले बोलण्याची सवय लावायची असेल, तर पहिला आठवडा चांगले बोलण्याचा कोणताही प्रयत्न करू नये, केवळ ऐकावे. भाजी करपली, नागपुरात बर्डीच्या (सीताबर्डीच्या) बाजारात गाडी लावताना कुणी ओरडले, साहेबांनी फाईल परत पाठवली, अशा क्षणी मनात जे वाक्य उमटते ते इतके अंगवळणी पडलेले असते की आपण स्वतःला काही बोललो, हेच लक्षात येत नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांवर उपचार करताना अशा आपोआप येणाऱ्या विचारांकडे लक्ष वेधले, आणि ते पकडून तपासणे हा त्यांच्या उपचारपद्धतीचा पाया ठरला. आपणही एक लहान वही ठेवावी व रात्री तिच्यात प्रसंग आणि वाक्य दोन्ही जसेच्या तसे उतरवावे. येथे प्रमाण भाषेचा आग्रह धरू नये. मन जर 'मले काही जमतच नाही' असे म्हणत असेल, तर वहीतही तेच लिहावे. शुद्ध करून लिहिलेले वाक्य परक्याचे वाटू लागते आणि ते किती लागले होते, हे कळेनासे होते.

मी शिकवणी घेते. माझ्या वहीत पहिल्या आठ दिवसांत 'तुला एवढेही कळत नाही' हे वाक्य अकरा वेळा आले होते, आणि ते मी माझ्या एकाही विद्यार्थ्याला कधी ऐकवले नव्हते.

वहीत जगणे नकोसे झाल्याची वाक्ये वारंवार दिसू लागली, तर पुढील कृती बाजूला ठेवून आधी मदत घ्यावी. नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मनोविकार विभागात किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयात जाता येते, तसेच टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

दुसऱ्या आठवड्यात उत्तर लिहायला घ्यावे, आणि बहुतेकांचे पाऊल येथेच चुकते. 'मी सर्वोत्तम आहे', 'मी यशस्वी होणारच' अशी वाक्ये आरशासमोर म्हणण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो घातक वाटतो. कॅनडातील जोअ‍ॅन वुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्वतःविषयी आधीच कमी आदर असलेल्या व्यक्तींना 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असे वाक्य मनात म्हणायला सांगितल्यावर त्यांना अधिकच वाईट वाटले. मन न पटणाऱ्या स्तुतीशी वाद घालू लागते आणि त्या वादात जुनेच वाक्य जिंकते. म्हणून उत्तर असे असावे की ते कोर्टातही टिकेल. सराव परीक्षेत वीसपैकी बारा गणिते सुटली असतील, तर 'मी हुशार आहे' हेही खरे धरू नये आणि 'मी ढ आहे' हेही. 'बारा आली, त्रिकोणमितीची राहिली, ती उद्या सकाळी पाहू' हे वाक्य तपासता येते, आणि त्यात उद्याचे कामही ठरते. 'नेहमी', 'कधीच', 'सगळेच' हे शब्द वहीत सापडतील तेथे खाली रेघ मारून त्या जागी मोजता येईल असे काही लिहावे.

उत्तर देताना स्वतःला 'तू' म्हणावे किंवा नावाने हाक मारावी. मिशिगन विद्यापीठातील ईथन क्रॉस यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवले की, तणावाच्या प्रसंगी 'मी'ऐवजी स्वतःचे नाव घेऊन विचार करणाऱ्यांना भाषणासारख्या कसोटीला सामोरे जाणे सोपे गेले. मराठी माणसाला ही रीत अनोळखी नाही. आपल्या संतांनी 'मना' अशी हाक मारून मनाची समजूत काढलेली आहे. धाकट्या भावाला आपण ज्या बोलीत समजावतो, तीच येथे वापरावी. 'थांब बाप्पा, वेळ लागन, पण जमन' हे नागपूरच्या माणसाला पुस्तकी वाक्यापेक्षा लवकर पटते.

सवय टिकावी म्हणून ती आधीच ठरलेल्या एखाद्या कामाला जोडावी. 'दिवसातून कधीतरी' हा बेत चार दिवसांत विरतो. 'चहाला उकळी येईपर्यंत कालचे एक वाक्य वाचून त्याचे उत्तर म्हणेन' किंवा 'लोकमान्य नगरहून मेट्रोत बसल्यावर सीताबर्डी येईपर्यंत वही पाहीन' असे ठरवले, तर आठवण ठेवण्याचे काम चहा आणि मेट्रोच करतात. मे महिन्यातल्या दुपारा मात्र टाळाव्यात. उकाड्याने चिडलेल्या मनाला काहीच पटत नाही. घरात माणसांचा राबता असेल तर मनातल्या मनात म्हटले तरी चालते.

एकवीस दिवसांत सवय लागते हे ऐकीव आहे. लंडनमधील फिलिपा लॅली यांच्या ९६ जणांच्या अभ्यासात एखादी कृती आपसूक होऊ लागण्यास सरासरी ६६ दिवस लागले, काहींना १८ दिवस पुरले, तर काहींच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. दिवस चुकल्यावर 'पाहा, हेही जमले नाही' असे वाक्य हमखास उमटेल. तेही वहीत लिहावे, त्याखाली 'काल राहिले, आज केले' एवढेच उत्तर द्यावे, आणि चहा गाळायला घ्यावा.