अंगापेक्षा सावली मोठी: वेब पानावर माप घेताना या चुका टाळा

बेळगावच्या शहापुरातल्या एका साडीवाल्यांना ऑनलाइन कॅटलॉग करून दिला होता. प्रत्येक साडीचं एक कार्ड, आणि बटण दाबलं की त्या कार्डाचं चित्र व्हॉट्सॲपला पाठवायला तयार. चार दिवसांत फोन आला: "चित्र उजवीकडनं कात्रीनं कापल्यागत दिसायलंय की हो!" बघितलं तर कार्ड शाबूत होतं, कापली गेली होती ती त्याची सावली. चित्र पपेटिअरनं (कोडमधून ब्राउझर चालवणाऱ्या साधनानं) निघत होतं, आणि एकाच घटकाचा स्क्रीनशॉट मागितला की तो घटकाच्या चौकटीवरच काट मारतो.

ब्राउझरच्या लेखी बॉक्स-शॅडो, म्हणजे सीएसएसनं चौकटीला दिलेली सावली, हा नुसता रंग. घटकाचं माप देणारं गेटबाउंडिंगक्लायंटरेक्ट बॉर्डरच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजतं. रुंदी सांगणारं ऑफसेटविड्थही तिथंच थांबतं, वर आकडा पूर्णांकात देतं. सावली कितीही पसरवा, शेजारचं कार्ड हलत नाही, स्क्रोलबार येत नाही, आकार बदलला की कळवणाऱ्या रिसाइझऑब्झर्व्हरला तर पत्ताही लागत नाही. हे बरंच आहे म्हणा, नाहीतर माउस नेल्यावर सावली वाढवली की अख्खं पान नाचलं असतं.

मी घाईत केलेली दुरुस्ती अशी: ब्लर (सावलीची कड किती धूसर पसरते तो आकडा) २४ आहे ना, मग चारी बाजूंना २४ पिक्सेल वाढव. उजवी कड अजून जराशी कापलेली, खाली तर स्पष्टच, आणि डावीकडं फुकटची पांढरी पट्टी. कारण सावली सरकवलेली होती: आडवी ६, उभी १०, ब्लर २४, स्प्रेड (सावलीचा आकार किती वाढवायचा तो आकडा) उणे ४. आधी ब्लर आणि स्प्रेडची बेरीज घ्यायची, इथं २०. ज्या बाजूला सावली सरकली तिथं सरक मिळवायची, उलट बाजूला वजा करायची. म्हणजे उजवीकडं २६, डावीकडं १४, खाली ३०, वर १०. उत्तर उणे आलं तर शून्य धरा. ३२० बाय २०० चं कार्ड चित्रात ३६० बाय २४० होतं.

एकावर एक दोन सावल्या असतील तर त्यांची बेरीज करू नका, प्रत्येक बाजूला जी मोठी ती घ्या. वरच्या सावलीखाली सरक नसलेली, १२ ब्लरची आणखी एक असेल, तर फक्त वरची बाजू १० वरून १२ होते. उंची २४२. इनसेट सावली आतल्या आत पडते, ती सोडून द्या.

हे आकडे गेटकम्प्युटेडस्टाइलमधून (घटकाला शेवटी लागू झालेली स्टाइल सांगणाऱ्या फंक्शनमधून) काढताना, सावल्या वेगळ्या करायला नुसते स्वल्पविरामावर तुकडे पाडू नका. तिथं रंग सगळ्यात आधी येतो, आणि त्याच्या कंसातही स्वल्पविराम असतात. माझी एक संध्याकाळ त्यात गेली. शिवाय कार्डाला ट्रान्सफॉर्मनं १.५ पट केलं असेल तर गेटबाउंडिंगक्लायंटरेक्टमधून चौकटीचं माप मोठं होऊन मिळतं, पण सावलीचे आकडे मूळचेच राहतात, त्यांना तुम्हीच १.५ नं गुणायचं.

सावली द्यायचा दुसरा मार्ग म्हणजे ड्रॉप-शॅडो फिल्टर, त्याला वरचं सूत्र जसंच्या तसं लावू नका. त्यात स्प्रेड नसतो, आणि ब्लरचा आकडा प्रमाण विचलन (धूसरपणा किती पसरतो याचं गणिती माप) म्हणून धरला जातो. बॉक्स-शॅडोत विचलन ब्लरच्या निम्मं असतं. म्हणून तोच १० आकडा फिल्टरमध्ये साधारण दुप्पट पसरतो.

खरं सांगू? स्वतःच्या पानावर मी आता हा हिशेब करतच नाही. कार्डाभोवती एक डिव्ह (साधा डबा), त्याला ३२ पिक्सेल पॅडिंग (आतली मोकळी जागा) आणि पानाचाच पार्श्वरंग, आणि स्क्रीनशॉट त्या डिव्हचा. सूत्र लागतं ते दुसऱ्याच्या पानावर, जिथं आपल्याला हात लावता येत नाही.

पानावरच सावली कापलेली दिसत असेल तर माप बरोबर असेल, कार्ड ज्या डब्यात आहे त्याचा ओव्हरफ्लो (बाहेर गेलेला भाग दाखवायचा की छाटायचा ते ठरवणारा नियम) बघा. आडव्या स्लायडरला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो दिलं की ओव्हरफ्लो-वायही आपोआप ऑटो होतं, आणि सावली खालून-वरून छाटली जाते. स्लायडरला वर-खाली पॅडिंग द्या आणि तेवढीच उणे मार्जिन (बाहेरची मोकळी जागा). काट पॅडिंगच्या बाहेरच्या कडेवर बसते, त्यामुळं सावलीला जागा मिळते आणि मांडणीही जागची हलत नाही.

आपल्याकडं याच जातीचा आणखी एक घोटाळा होतो. कार्डावर मराठीत "रेशमी साडी", खाली कन्नडमध्ये "रेष्मे सीरे". कन्नडात ष ला जोडलेला म खाली लोंबतो. लाइन-हाइट (ओळीची उंची) १.१ आणि ओव्हरफ्लो हिडन होतं, त्यामुळं त्या म चं बूडच उडालं, आणि चौकटीचं माप मात्र अगदी बरोबर येत होतं. लाइन-हाइट १.६ केली तेव्हा अक्षर पुरतं दिसलं. साडीवाल्यांच्या कन्नड गिऱ्हाइकांनी ते माझ्याआधी पकडलं होतं.